पाळकेत अडकलेली पेटी

कवठे महांकाळच्या बाजारपेठेच्या तोंडाशी नानासो शिंप्यांचं दुकान होतं. पुढच्या अर्ध्या भागात त्यांचं शिवणयंत्र आणि मागच्या अर्ध्या भागात आमची पुस्तकं. पुस्तकांच्या दुकानाला मालक नव्हता. गावातल्या आम्ही काही जणांनी मिळून ते चालवायला घेतलं होतं आणि ज्याचा त्याचा एक वार ठरलेला होता. आपल्या वारी कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं आणि येईल त्याला पुस्तक दाखवायचं. पगार नव्हता. चहासुद्धा घरून पिऊन यायचा.

सोमवार माझा होता.

तेव्हा मी चोवीस-पंचवीस वर्षांची असेन. माझा नवरा मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा भाऊसो, माझा थोरला भाऊ, मला माहेरी घेऊन आला. तो मनानं चांगला होता आणि वहिनीही वाईट नव्हती. पण नवऱ्यानं टाकलेल्या बाईला त्या काळी घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागायचं. दळण, पाणी, देऊळ, आणि मग संपलंच. सोमवार हे माझं चौथं कारण होतं. भाऊसो म्हणायचा, "दुकान हाय तवर जा बाई." त्यातला 'हाय तवर' मला नेहमी ऐकू यायचा.

पुस्तकं सांगलीच्या आप्पासोंची असत. खपतील ती खपली, उरलेली परत, पण परत जाताना ती नव्यासारखी पाहिजेत. महिन्यातल्या एका शनिवारी आप्पासो मिरजेहून दुपारच्या छोट्या आगगाडीनं यायचे, बाकड्यावर बसायचे आणि प्रत्येक पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. त्या वर्षीच्या जत्रेत आम्ही पुस्तकांची पेटी नेली होती. तिथं धनगरांचा भंडारा उधळला गेला आणि काही पुस्तकं पिवळी झाली. हळदीचा डाग धुऊन जात नाही, आणि पुस्तक तर धुताही येत नाही. आप्पासो रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "नानासो, भंडारा कपाळाला शोभतो. पुस्तकाला लागला की ते माझ्या लेखी गेलं. आता आणखी एक जरी डागाळलं, तर ही पेटी शेवटची."

पेटी थांबली की दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे माझा सोमवार गेला. हे नानासोंना ठाऊक होतं. ते बोलून दाखवत नसत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खाकी कागदाची गुंडाळी आणून ठेवली. "हिथनं पुढं वाडीवर जाताना प्रत्येक पुस्तकाला अंगरखा," म्हणाले.

वाडीवर जाणं ही माझीच कल्पना होती. गावातले वाचणारे तेच तेच. पूर्वेकडच्या वाड्यांवर मात्र कोणी पुस्तक घेऊन गेलेलंच नव्हतं. अडचण एवढीच की त्या वाड्यांवर माणूस सापडायचं नाही. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात जायचे आणि पावसाळ्यात परतले की रानात असायचे. म्हणून मी तरसवाडीच्या कोंडीबाला विचारलं. तो दर आठवड्याला घोंगडी विकायला बाजारात यायचा.

"तुमच्याकडं सगळी माणसं घरात कधी सापडतील?"

कोंडीबानं घोंगडी झटकली. "आखाडातल्या दुसऱ्या मंगळवारी या की. त्या दिशी कोन रानात जात न्हाई. बायकांच्या हाताला बी काम न्हाई. समदी चावडीवर बसून एकमेकाची त्वांडं बघत असत्यात."

मला वाटलं, याहून चांगला दिवस कुठला? नानासोंनाही पटलं. आमच्या दोघांच्याही डोक्यात एक प्रश्न आला नाही. आषाढातल्या भर कामाच्या दिवसांत अख्खं गाव रिकामं का बसतं? बाजाराच्या गावात राहिलं की असले प्रश्न सुचेनासे होतात.

मंगळवारी भाड्याची बैलगाडी केली. आमच्याकडं आषाढात पाऊस कमी आणि वारा फार. पेटी दोरीनं बांधली होती तरी नानासो तिच्यावर हात ठेवून बसले होते. खाकी अंगरखे तेवढे राहून गेले होते. शाळेच्या पोरांचे कपडे शिवायचे होते आणि कागद कापायला त्यांना सवड मिळाली नव्हती. "तिथं गेल्यावर चढवू," ते म्हणाले.

वाटेत रानात खरंच चिटपाखरू नव्हतं. वेशीवरही कोणी नव्हतं. गाडीवानानं पेटी चावडीपुढं उतरवली, संध्याकाळी येतो म्हणाला आणि लगेच गाडी वळवून गेला. चावडीच्या कट्ट्यावर आणि खाली मिळून सारं गाव बसलेलं होतं. कोणी हललं नाही. सगळे नुसते आमच्या पायांकडं बघत होते.

कट्ट्यावरचे एक म्हातारे उठले. त्यांना सगळे आबा म्हणत आणि गावाची पूजाअर्चा त्यांच्याकडं असे.

"व्हाना काढा आदी," आबा म्हणाले. "पाळक हाय."

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला. आषाढात काही गावं गावदेवीसाठी पाळक पाळायची. तेवढे दिवस बैल जुंपायचा नाही, जातं फिरवायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही, देणंघेणं करायचं नाही. आमच्या गावात हे कधीच मागं पडलं होतं. आणि तरसवाडीचा आणखी एक नियम होता, तो मी पहिल्यांदा तिथंच ऐकला. मंगळवारपासून वेशीच्या आत जे असेल ते शुक्रवारी नैवेद्य होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही.

"पन ही पुस्तकं आमची हायत," नानासो चपला हातात धरून म्हणाले. "बाहेरची."

"आत आली की आतली," आबा म्हणाले. "सून कुनाच्या बी घरची असू द्या, उंबरा वलांडला की हितली."

"आवं, पुस्तक हाय ते. जुंधळं न्हवं."

"देवीला कुठं वाचाय येतंय? तिला समदं सारखंच."

मी कोंडीबाला शोधलं. तो मागच्या भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता. "कोंडीबा, पाळक आहे असं कुठं म्हणाला होतात?"

"आक्का, आखाडात मंगळवारी गाव घरात बसतंय म्हंजी दुसरं काय असनार? मला वाटलं, तुमास्नी ठावं असंल आन् तुमी कायतरी इचार करूनच इचारताय."

"अहो, पण गाडी आत येईपर्यंत एकानं तरी अडवायचं."

चावडीच्या शेजारच्या घरातून एक उंच बाई बाहेर आली. ती बायडाबाई. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मेंढरं सांभाळली होती आणि गावात तिला कोणी उलट बोलत नसे.

"त्ये मला इचारा," ती म्हणाली. "पूर्वी पाळकेला वेशीवर येसकर उभा ऱ्हायचा. गाडी दिसली की हाळी देऊन परतवायचा. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला आन् ते काम सोडलं. सोडलं ते बरंच केलं. ऊन न्हाई, वारा न्हाई, जलमभर उभं ऱ्हायचं आन् वर भाकरी लांबनं टाकायची. त्याला आठ वरसं झाली. आमच्या मान्साचं अजून ठरंना, वेशीवर आता कुनी बसायचं ते."

"बायडे, पावन्यांम्होरं कशाला ते?" आबा म्हणाले.

"पावन्यांचीच तर पेटी अडकली."

माणसांना अडवणूक नव्हती. आम्ही जाऊ शकत होतो, पेटी नाही. शुक्रवारी संध्याकाळी नैवेद्य आणि शनिवारी दुपारी आप्पासो. मी मनात हिशेब मांडला, मध्ये एक रात्र तेवढी उरत होती. त्यात नैवेद्याला तरसवाडीत भंडारा उधळतात हे कोंडीबानं आपण होऊन सांगितलं. "लय उधळत्यात," तो म्हणाला. त्याला आता काहीच लपवायचं नव्हतं.

नानासोंनी बायडाबाईला बाजूला घेतलं. पेटी छपराखाली ठेवा. कोणी हात लावला तर धुतलेला असू द्या. तेलाचा नको, तंबाखूचा नको. पान दुमडायचं नाही. थुंकी लावून उलटायचं नाही. पोरं लांब. भंडारा तर—

"शिंपीदादा," बायडाबाई म्हणाली, "माझ्या लग्नात माज्या आयनं एवढ्या सूचना केल्या न्हवत्या. जावा आता."

संध्याकाळी अनवाणी वेशीपर्यंत चालत आलो. बाहेर उभ्या असलेल्या गाडीत रिकाम्या हातांनी बसलो. नानासोंनी पेटीची दोरी तेवढी परत आणली होती. का आणली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ते मधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाऊसोला काही सांगितलं नाही. वहिनीनं वाढलेलं हळदीचं वरण मी ताटात तसंच ठेवायची. नानासोंनी एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला खिसा आतल्या बाजूनं लावला. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणाले, "चोराची भीती न्हाई."

शनिवारी झुंजूमुंजू होताच आम्ही निघालो. पाळक सुटली होती. रानात औतं दिसत होती, बायका डोक्यावर पाट्या घेऊन चालल्या होत्या. वेस जवळ आली तशी वाट पिवळी व्हायला लागली. बैलांची शिंगं पिवळी. एक कुत्रं आडवं गेलं, तेही पिवळं.

पेटी चावडीच्या कट्ट्यावर होती. तिच्या झाकणावर भंडाऱ्याचा थर बोटभर असेल. नानासो जिथं होते तिथंच खाली बसले.

"बसताय काय?" बायडाबाईचा आवाज आला. "वर पडलाय तो. आत बगा की."

तिनं पदरानं झाकण पुसलं आणि उघडलं. आत पुस्तकं दिसेनात. नुसती गाठोडी, लहान लहान, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची. हिरवी, लाल, निळी, काठाची, बिनकाठाची. घरात पोथी बांधून ठेवतात तशी प्रत्येकाची गाठ मारलेली. नानासोंनी हात धोतराला पुसले आणि एक सोडलं. मग दुसरं सोडलं. तिसऱ्याच्या कडेवरून त्यांनी आप्पासोंसारखा अंगठा फिरवला. मी त्यांचा चेहरा बघत होते. पुस्तक बघायचा मला धीर नव्हता.

"सुला," ते मला म्हणाले, "ही आपन आनली तवापरास चांगली हायत."

मला हसू आलं आणि मग ते थांबेना. पदर तोंडात कोंबावा लागला.

"उघडी पुस्तकं आनली तुमी," बायडाबाई नानासोंना म्हणाली. "शिंप्याची असून अंगावर कापड न्हाई. पाळकेत सुई चालत न्हाई, न्हाईतर शिवलं असतं. मग फाडून बांधली."

"म्हणजे कुणी उघडलीच नाहीत?" मी विचारलं. मला थोडं वाईटही वाटलं.

"उघडली न्हाईत कशी? समदं गाव रिकामं. पैल्या दिशी नुसती पेटीकडं बगत बसली. दुसऱ्या दिशी कोंडीबा म्हनला, बगू तर काय हाय. पन वाचनार कोन? मास्तर पाळकेला आपल्या गावाला पळतोय. ह्यास्नी समद्यास्नी मिळून आंगठा येतोय. मग हरणाबाईचं नाव निघालं."

हरणाबाई म्हणजे त्या येसकराची सून. मिरजेच्या बाजूची, शाळा शिकलेली. बौद्ध झाल्यापासून त्या घरात पाळक नव्हती. ती त्या दिवशीही आपल्या कामाला निघाली होती. तिला वाटेत थांबवून पुस्तक वाचशील का म्हणून विचारलं.

"ती म्हनली, वाचीन," बायडाबाई सांगत होती. "पन कट्ट्यावर बसून वाचीन. उभं ऱ्हाऊन हाळी माज्या सासऱ्यानं घातली, जलमभर."

"मग?"

"मग काय. ह्यो आबा दिसभर फुगून बसला. म्हनला, कट्ट्यावर आजवर कुनी… मी म्हनलं, आजवर पुस्तकाची पेटी बी आली न्हवती. बसा मग आभाळाकडं बगत. वाऱ्यात बसून बसून त्वांडात माती गेली समद्यांच्या. सांच्याला कोंडीबा उठला आन् कट्टा झाडला."

"म्या झाडला न्हाई," मागून कोंडीबा म्हणाला. "घोंगडं हातरलं."

"हातरलं. दोन्ही केलं. ती हात धुऊन यायची, कट्ट्यावर बसायची, फडक्यानं पुस्तक धरायची. दुसऱ्या कुनी हात लावला न्हाई. लावायचा कशाला? ऐकू येत हुतं की. ह्या आबाला तेवढं येत न्हवतं, तर तिसऱ्या दिशी ह्यो सरकत सरकत तिच्या मांडीला मांडी लावायचा बाकी ऱ्हायला."

"कान कमी हाय मला," आबा म्हणाले.

नानासो एकीकडं गाठोडी पेटीत रचत होते. त्यांचा हात थांबला. "एक कमी हाय," ते म्हणाले.

माझं हसू गेलं. डाग नको म्हणून देवाला हात जोडले होते, आणि आता पुस्तकच नाही.

"त्येचं आसं झालं," बायडाबाईचा आवाज प्रथमच खाली आला. "ती भावाभैनीची गोष्ट. भाऊ नदीत बुडाला म्हनून त्येचं दिस घातलं, आन् तो बारा वरसांनी येऊन भैनीच्या दारात हुबा ऱ्हातोय. ती म्हनती, कोन पायजे? इतं आलं आन् नैवेद्याची येळ झाली. आबाच पूजेला उठला तर फुडं कोन ऐकनार? सांच्यापासनं गावाला झोप न्हाई. पुस्तक हरणाबाईकडं हाय."

निरोप जायच्या आतच हरणाबाई आली. पुस्तक पांढऱ्याशुभ्र फडक्यात बांधलेलं होतं. माझ्याच वयाची होती. तिनं ते नानासोंच्या हातात दिलं, आबांच्या नाही.

"तू रातीत फुडचं वाचलंस," एक बाई तिला म्हणाली. "दिवा दिसत हुता."

"वाचलं," हरणाबाई म्हणाली.

"मग वळखलं का भैनीनं?"

"सांगनार न्हाई. कट्ट्यावर बसून वाचीन तवा ऐका."

बाई माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी तर वाचलं असंल."

वाचलं होतं. तोंडाशी आलंही होतं. हरणाबाईनं माझ्याकडं फक्त बघितलं आणि मी तोंड मिटून घेतलं. "मलाही आठवत नाही," म्हणाले. ती हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडलेली मला दिसली.

आता आली का पंचाईत. वाचायला बसावं तर ऊन वर येत होतं आणि मिरजेची गाडी कोणासाठी थांबणार नव्हती. पुस्तक न्यावं तर अख्खं गाव गाडीपुढं आडवं पडलं असतं. औतं सोडून आलेली माणसं वेशीपर्यंत उभी होती. ज्या वेशीवर आठ वर्षं कोणी उभं राहायला तयार नव्हतं, तिथं आज गर्दी झाली होती.

"पाळक सुटली न्हवं?" कोंडीबा म्हणाला. "मग इकत देता येतंय की."

"येतंय," नानासो म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. गाव घेतंय."

"ठेवनार कुठं?" आबांनी विचारलं.

"कुठं म्हंजी? हरणाबाईच्या घरी," बायडाबाई म्हणाली. "तिला ठावं हाय पुस्तक कसं ठेवायचं ते."

आबा बराच वेळ दाढी खाजवत होते. "बरं," ते शेवटी म्हणाले. "पन वाचायचं हितं. कट्ट्यावर. मला तितनं ऐकू येत न्हाई."

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा आप्पासो बाकड्यावर बसलेले होते. ती रंगीत गाठोडी बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकेक सोडायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे, बाजूला ठेवायचे. नानासो यंत्राशी बसून सुईत दोरा ओवत होते. तो काही ओवला जात नव्हता. मी खांबाला धरून उभी होते. शेवटचं गाठोडं सुटलं, अंगठा फिरला, आणि आप्पासोंनी फडकी नीट घडी करून एकावर एक रचली.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

"ते खपलं," नानासो म्हणाले.

"कुणी घेतलं?"

"तरसवाडीनं."

"तरसवाडीतल्या कुणी?"

"तरसवाडीनं," नानासो पुन्हा म्हणाले.

आप्पासोंनी चष्मा परत नाकावर घेतला. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात पेटी थोडी मोठी पाठवतो. आणि ही फडकी टाकू नका."

खाकी कागदाची गुंडाळी पुढं कितीतरी वर्षं त्या कोपऱ्यात पडून होती. नानासोंनी ती शेवटी मापं लिहायला वापरली. आम्ही पुस्तकं फडक्यातच बांधू लागलो, आणि वाडीवर जायचं ठरलं की आधी पाळक कधी ते विचारून त्याच दिवशी जायचो. गाडी वेशीच्या बाहेर थांबवायची, गावाला विचारायचं, आणि पेटी ठेवून परतायचं. खप पाळक सुटल्यावर व्हायचा. कुठल्या वाडीत वाचणारं कोणी नसलं की हरणाबाई आमच्याबरोबर यायची. तिथल्या कट्ट्याचं बोलणं ती आधी करून घ्यायची.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी गेले तर भाऊसो अंगणात बसला होता. माझे पाय पिवळे झालेले त्यानं पाहिले.

"कुठनं आलीस गं?"

"तरसवाडीवरनं."

"दुकान हाय न्हवं अजून?"

"हाय," मी म्हणाले, आणि आत जाऊन पोटभर जेवले. वहिनीनं वरण वाढलं ते दोनदा घेतलं.

रविवारी झोपले ती ऊन अंगावर येईपर्यंत. सोमवारी नानासोंकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि झाडायला लागले. फळीखाली थोडा भंडारा सांडलेला होता. तो कागदावर गोळा करून दाराबाहेर नेऊन टाकला.